एकच सभागृह, अकरा रचना: वाद्यवृंद रीमिक्स अल्बमच्या रिव्हर्ब आणि मास्टरिंगच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, शहापूर, बेळगाव

अकराव्या रचनेची फाइल आज सकाळी आली आणि व्हिडिओ गेमच्या जुन्या सुरावटी वाद्यवृंदासाठी नव्याने बांधण्याचा आमचा सामूहिक अल्बम प्रथमच पूर्ण स्वरूपात माझ्यासमोर आला. नऊ संयोजक, म्हणजे सुरावटी वाद्यांवर बांधणारे संगीतकार, आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, धारवाड, कोल्हापूर आणि पुणे अशा ठिकाणी ते विखुरलेले आहेत, आणि त्यांपैकी चौघे एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेलेही नाहीत. एकूण लांबी सुमारे ५४ मिनिटे भरते. पहिल्या ऐकण्यात कशालाही हात लावायचा नाही, फक्त वहीत टिपायचे, असे ठरवले होते आणि तसेच केले.

वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द ‘जागा’ हा आहे. प्रत्येक संयोजकाने आपापली रचना उत्तम बांधली आहे, पण ती वाजते मात्र वेगवेगळ्या इमारतींत. एकीत व्हायोलिन दगडी चर्चमध्ये असल्यासारखी दूरवर आहेत. दुसरीत बासऱ्या कानाला खेटून, पडदे लावलेल्या खोलीत. तिसरीत ब्रास (पितळी फुंकवाद्ये) एका सभागृहात आणि तंतुवाद्ये दुसऱ्याच सभागृहात. याचे कारण उघड आहे. आम्ही सर्व जण नमुना-ध्वनींच्या लायब्ररी, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या मुद्रित स्वरांचे तयार संच, वापरतो. काही लायब्ररी मोठ्या दालनात मुद्रित झालेल्या असल्यामुळे तिथला घुमारा स्वरातच मुरलेला असतो, तर व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररीच्या जुन्या संचांसारख्या काही मुद्दाम जवळजवळ कोरड्या जागेत मुद्रित केलेल्या असतात. दोन्हींवर सारखाच रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, टाकला, तर पहिलीला दोन खोल्यांचा घुमारा मिळतो आणि दुसरीला एका खोलीचा.

हा प्रश्न मास्टरिंगमध्ये, म्हणजे तयार मिश्रणावरच्या शेवटच्या संस्कारात, सुटणारा नाही. तयार स्टिरिओ मिश्रणावर वरून रिव्हर्ब चढवला, तर आधीचा घुमाराही नव्याने घुमतो, नगाऱ्यासारख्या टिंपनीचा आणि डबल बासचा खालचा भाग पसरतो आणि जे आधीच दूर होते ते आणखी दूर जाते. म्हणून आज सर्वांना पत्र लिहिले: तंतुवाद्ये, काष्ठवाद्ये, ब्रास, तालवाद्ये, हार्प व पियानो, आणि एकल वाद्य असे सुटे स्टेम (प्रत्येक गटाची वेगळी फाइल) पाठवावेत, रिव्हर्ब पूर्ण बंद असावा, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार नमुने), सर्व फाइलींची सुरुवात एकाच बिंदूपासून असावी. ज्यांची लायब्ररी दालनात मुद्रित आहे त्यांनी फक्त जवळच्या माइकचा आवाज द्यावा. सगळ्यांनाच हे पुन्हा करायला सांगताना जीवावर आले, कारण काहींनी महिनाभर आपल्या रिव्हर्बवर मेहनत घेतली आहे.

१२ जून

स्टेम येईपर्यंत मूळ सुरावटी मूळ स्वरूपात ऐकल्या. अकरापैकी सात सुपर निन्टेन्डो या गेम यंत्राच्या काळातल्या आहेत. हे यंत्र १९९० साली जपानमध्ये आले आणि त्याचा ध्वनिविभाग सोनीने बनवलेला होता. एका वेळी आठ स्वर वाजत, आणि वाद्यांचे नमुने, सुरावट व ती वाजवणारा प्रोग्राम या सगळ्यासाठी मिळून स्मृती होती अवघी ६४ किलोबाइट. त्यातच प्रतिध्वनीची सोय होती. प्रतिध्वनी १६ मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी वाढवता येई आणि प्रत्येक पायरीला २ किलोबाइट खर्ची पडत. कमाल मर्यादा २४० मिलिसेकंदांची, म्हणजे ३० किलोबाइटची. संगीतकाराला मोठे दालन हवे असेल, तर जवळजवळ अर्धी स्मृती त्या दालनाला द्यावी लागे आणि व्हायोलिनचे, ढोलांचे नमुने तेवढे लहान व भरड करावे लागत.

हे समजून घेऊन ऐकले की ती सुरावट वेगळीच ऐकू येते. गुहेच्या प्रसंगाला लांब प्रतिध्वनी आहे, आणि तो आठ टप्प्यांच्या फिल्टरमधून जात असल्यामुळे प्रत्येक आवर्तनाला जरा जरा काळवंडत जातो. गावाच्या सुरावटीला तो जवळजवळ नाही. युद्धाच्या सुरावटीला तर अजिबात नाही, कारण तिथे स्मृती ढोलांना हवी होती. इतक्या मोलाने घेतलेली जागा आपण आज फुकट मिळते म्हणून सरसकट सगळ्यांवर सारखी ओतली, तर मूळ संगीतकाराचा निर्णयच पुसला जाईल. म्हणून प्रत्येक रचनेपुढे मूळ सुरावट ‘किती जवळ, किती दूर’ आहे हे लिहून ठेवले.

यातून कामाचे सूत्र हाती आले आहे. सभागृह अकराही रचनांना एकच ठेवायचे. बदलायची ती ऐकणाऱ्याची खुर्ची. गुहेसाठी तो शेवटच्या रांगेत बसेल, गावाच्या सुरावटीसाठी दुसऱ्या रांगेत.

१७ जून

आठ संयोजकांचे स्टेम आले. निपाणीच्या मित्राचे एकल व्हायोलिन मात्र बाकीच्या वाद्यवृंदाशी जुळेना. सूर साधारण दीड अर्धस्वर वर, आणि चालही पुढे पळत जाणारी. आधी वाटले की त्याने वेगळ्या पट्टीत वाजवले. पण कोणी शिकलेला वादक दीड अर्धस्वराइतकी विचित्र पट्टी धरणार नाही. हिशेब केल्यावर उलगडा झाला. ४८ भागिले ४४.१ म्हणजे १.०८८, इतक्या पटीने वेग वाढला की सूर बरोबर १.४७ अर्धस्वर चढतो. मुद्रण ४४.१ किलोहर्ट्झवर झाले होते आणि रूपांतर करताना फाइलीवर शिक्का ४८ चा बसला होता. दुरुस्ती दोन मिनिटांची होती, शोधायला सकाळ गेली. यापुढे प्रत्येक फाइल आली की आधी तिची लांबी मूळ मिश्रणाच्या लांबीशी ताडून पाहायची.

दुरुस्तीनंतर दुसरी अडचण कळली: हे व्हायोलिन हातातल्या छोट्या रेकॉर्डरवर, फरशीच्या उघड्या खोलीत मुद्रित झाले आहे आणि त्या खोलीचा टणक घुमारा त्यात आहे. तो काढून टाकण्याचे साधन माझ्याकडे नाही. पुन्हा मुद्रण करावे लागेल.

२२ जून, खानापूर तालुका

आक्कांनी सुचवले म्हणून त्यांच्या गावाजवळच्या एका जुन्या दगडी देवळाच्या सभामंडपाचा घुमारा टिपायला गेलो होतो. आक्का शाळेत संगीत शिकवतात आणि आमच्यापैकी वयाने सर्वांत मोठ्या आहेत; पंचांची आणि पुजारीकाकांची परवानगी त्यांनीच घेऊन ठेवली होती.

पद्धत अशी. फुगा फोडूनही जागेचा ठसा घेता येतो, पण त्याचा प्रत्येक स्फोट वेगळा आणि खालचे स्वर दुबळे. त्यापेक्षा २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा एकच स्वर स्पीकरवरून सोडायचा, तो मंडपात कसा घुमतो ते दोन माइकांवर मुद्रित करायचे, आणि मग गणिताने मूळ स्वर वजा करून फक्त जागेचे उत्तर उरवायचे. आंजेलो फारिना यांनी ही चढत्या स्वराची पद्धत २००० साली मांडली. तिचा मोठा गुण असा की स्पीकरमुळे निर्माण झालेली विकृती गणितानंतर मुख्य ठशाच्या आधी वेगळी पडते आणि ती कापून टाकता येते.

पाऊस थांबायची वाट पाहण्यात दीड तास गेला. पहिले दोन स्वर पन्हळीच्या ठिपक्यांनी वाया गेले. तिसरा स्वच्छ वाटला, पण चढता स्वर मध्यावरून पुढे गेल्यावरही एक बारीक सूर मागे रेंगाळत राहिला. आम्ही स्पीकर तपासला, तारा तपासल्या. पुजारीकाका खांबाला टेकून ऐकत होते, त्यांनी वर बोट दाखवले आणि म्हणाले, “घंटाबी सूर धरायली बघा.” खरोखरच प्रवेशाजवळची पितळी घंटा, तिला कोणी स्पर्शही न करता, आपल्या स्वराशी पोहोचताच वाजू लागत होती. काकांनी आपला पंचा सोडून तिच्याभोवती गुंडाळला, तेव्हा चौथे मुद्रण मिळाले. पंचा काढून एक मुद्रण घंटेसकटही घेऊन ठेवले आहे. अल्बममध्ये त्याला जागा नाही, पण ते फेकवत नाही.

२५ जून

मंडपाचा ठसा पाहिला. मधल्या स्वरांचा घुमारा सुमारे १.३ सेकंदांत ६० डेसिबलने उतरतो. दगड इतका कठीण असताना घुमारा एवढा आखूड का, याचे उत्तर मंडपाच्या तीन उघड्या बाजूंत आहे. वॉलेस सेबाइन यांनी १८९० च्या दशकात हार्वर्डच्या व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आत-बाहेर करून घुमाऱ्याचा नियम शोधला, तेव्हा शोषणाचे माप म्हणून उघडी खिडकीच धरली होती, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. आमच्या मंडपात खांबांवरून पहिली परावर्तने फार सुंदर येतात, दाट आणि उबदार. पण मागचे लांब शेपूट शेतात निघून जाते. ऐंशी वाद्यांच्या वाद्यवृंदाला ही जागा अपुरी आहे.

हे गटात कळवल्यावर तिघांनी लगेच विजापूरच्या गोल घुमटाचे नाव घेतले. सूचना प्रेमाची आहे आणि आपल्या भागातल्या माणसाला ती सुचणारच. १६५६ साली पूर्ण झालेली ती वास्तू मीही शाळेच्या सहलीत पाहिली आहे आणि टाळी वाजवून तिची उत्तरे मोजली आहेत. परंतु ज्या कारणासाठी गोल घुमट प्रसिद्ध आहे, त्याच कारणासाठी तो आपल्याला चालणार नाही. अंतर्गोल घुमट आवाज पसरवत नाही, गोळा करून परत पाठवतो. आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे. आवाज पलीकडे जाऊन परत यायला ७६ मीटर, म्हणजे ३४३ मीटर प्रतिसेकंद वेगाने जवळपास २२० मिलिसेकंद लागतात. साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत आलेले परावर्तन कान मूळ आवाजातच मिसळून घेतो. त्याहून बरेच उशिरा आणि ठसठशीत आलेले परावर्तन वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येते. एका टाळीला ते अद्भुत वाटते. अतिशय जलद स्वरांत धावणाऱ्या व्हायोलिनला ते दिले, तर प्रत्येक स्वर मागच्या स्वरांच्या प्रतिध्वनींवर आदळेल. उत्तम समजल्या जाणाऱ्या सभागृहांत पहिले परावर्तन साधारण २० ते २५ मिलिसेकंदांत पोहोचते आणि पुढची इतकी दाट येतात की सुटी मोजताच येत नाहीत.

हे सविस्तर लिहून पाठवले. चिकोडीच्या विद्यार्थ्याने तरी हट्टाने एक प्रयोग मागितला आहे. तो आपल्या वेळेत करील.

२ जुलै

आज माझ्या खोलीविषयी लिहिणे भाग आहे, कारण निर्णय याच खोलीत व्हायचे आहेत. माडीवरची खोली ४.२ मीटर लांब, ३.३ मीटर रुंद, ३ मीटर उंच. लांबीच्या दिशेने पहिला स्थिर तरंग (भिंतींमध्ये अडकून राहणारा स्वर) ४१ हर्ट्झच्या आसपास पडतो, रुंदीचा ५२, उंचीचा ५७. म्हणजे डबल बासचे सगळ्यात खालचे काही स्वर बसायची जागा हातभर बदलली तरी वेगळे ऐकू येतात. रॉकवुलचे जाड फलक कोपऱ्यांत उभे केले आहेत आणि त्याचा उपयोग झाला आहे, तरी ८० हर्ट्झच्या खाली मी हेडफोनवर ताडल्याशिवाय काहीच ठरवत नाही.

दुसरी गोष्ट मागांची. शहापुरात आणि वडगावात घरोघरी यंत्रमाग आहेत. आमच्या भिंतीला लागूनच चार आहेत. त्यांची खटखट लहानपणापासूनची असल्यामुळे एरवी मला ऐकूच येत नाही, पण रिव्हर्बचे शेपूट तपासताना तीच खटखट शेवटचे २० डेसिबल गिळून टाकते. म्हणून रिव्हर्बचे सर्व निर्णय माग थांबल्यावर, रात्री साडेदहानंतर. ऐकण्याची पातळी रोज तीच ठेवण्यासाठी आवाजाच्या चकतीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली आहे. पातळी वाढली की खालचे आणि अगदी वरचे स्वर अधिक भरलेले वाटतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले; ज्याची चकती रोज फिरते, त्याचा रिव्हर्बही रोज फिरतो.

६ जुलै

आषाढी एकादशी. काम बंद.

११ जुलै

निवड झाली. तीन पर्याय समोर होते: एका युरोपीय सभागृहाचा ठसा वापरणारा कन्व्होल्युशन रिव्हर्ब, आमच्या मंडपाचा ठसा, आणि गणिताने घडवलेला अल्गोरिदमिक हॉल.

कन्व्होल्युशनने पहिल्या दहा सेकंदांत मन जिंकले. जागा खरी असल्याची खात्री त्यात लगेच पटते. पण पाच मिनिटांची रचना सलग ऐकली की त्याची स्थिरता जाणवू लागते. ठसा एका ठिकाणी ठेवलेल्या स्पीकरचा असतो. सोळा व्हायोलिन सोळा खुर्च्यांवर बसून, किंचित हलत वाजवतात, हे त्याला माहीत नसते. शिवाय घुमारा २ सेकंदांचा आहे तो २.४ करायचा म्हटले की ताणल्याची खूण राहते. अल्गोरिदमिक पद्धतीचा पाया मानफ्रेड श्रोडर यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी घातला: विलंबाच्या अनेक साखळ्या एकमेकींत फिरवून दाट शेपूट तयार करायचे. आजच्या साधनांत त्या साखळ्यांची लांबी सतत सूक्ष्मपणे हलती ठेवलेली असते, त्यामुळे लांब धरलेल्या स्वरावर धातूसारखी झाक येत नाही.

तिन्हींची मिश्रणे क, ख, ग अशा नावांनी, आवाजाची पातळी काटेकोर सारखी करून सर्वांना पाठवली होती. पातळी सारखी केली नाही, तर जे मोठे तेच चांगले वाटते आणि चाचणीला अर्थ उरत नाही. सहा जणांनी अल्गोरिदमिक हॉल निवडला, दोघांनी कन्व्होल्युशन, आणि आक्कांनी लिहिले, “तंतुवाद्यांना ग चांगलाय, पण एकट्या व्हायोलिनला ख मधली ऊब द्या की.” ख म्हणजे मंडप. त्यांचा कान अगदी बरोबर होता. त्यांना ते कुठले मुद्रण आहे हे मी सांगितले नव्हते.

अंतिम मांडणी अशी ठरली. समाईक सभागृह अल्गोरिदमिक, घुमाऱ्याचा काळ २.१ सेकंद. हा आकडा मनाने काढलेला नाही: व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनचा भरल्या सभागृहातला घुमारा सुमारे २ सेकंदांचा आणि तोक्योच्या सुंतोरी हॉलचा २.१ सेकंदांचा आहे, आणि व्हिडिओ गेमच्या संगीताची पहिली मैफल १९८७ साली सुंतोरी हॉलमध्येच झाली. शेपटाचे वरचे स्वर लवकर विझतात, कारण हवा त्यांना शोषते. रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजातून १८० हर्ट्झच्या खालचा भाग बराच कमी केला आहे. तसे केले नाही तर टिंपनीचा एक ठोका पुढच्या ठोक्यापर्यंत जमिनीवर लोळत राहतो.

खुर्चीची व्यवस्था दोन गोष्टींनी होते: थेट आवाज व घुमारा यांचे प्रमाण, आणि प्री-डिले, म्हणजे थेट आवाजानंतर घुमारा सुरू होईपर्यंतचा अवधी. वाद्य जवळ असेल तर त्याचा थेट आवाज परावर्तनांच्या बराच आधी पोहोचतो, म्हणून प्री-डिले जास्त. वाद्य दूर असेल तर दोन्ही जवळपास एकत्र येतात, म्हणून प्री-डिले कमी. अनेक जण नेमके उलटे करतात, आणि दूरच्या ब्रासला मोठा प्री-डिले देऊन त्याला पुन्हा पुढच्या रांगेत आणून बसवतात. तंतुवाद्यांना २५, काष्ठवाद्यांना १५, ब्रास आणि तालवाद्यांना ६ मिलिसेकंद ठेवले. गुहेच्या रचनेत सगळेच त्याहून कमी. फ्रेंच हॉर्नना मात्र ब्रासमधून वेगळे काढले. त्यांची तोंडे मागे वळलेली असतात आणि प्रत्यक्ष सभागृहातही आपण त्यांना मागच्या भिंतीवरून परतलेल्या आवाजातच ओळखतो. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन सरळ श्रोत्यांवर रोखलेले असतात. हॉर्नचा थेट आवाज ३ डेसिबलने उतरवून घुमारा तसाच ठेवला, आणि कोल्हापूरच्या संयोजकाची शिकारीची रचना एकदम खोल झाली. तो फरक मी रात्री दीड वाजता चार वेळा चालू-बंद करून ऐकला, केवळ आनंदासाठी.

१९ जुलै

निपाणीचा मित्र व्हायोलिन घेऊन सकाळच्या बसने आला. खोलीत शहाबादी फरशी आहे. तिच्यावर दोन, भिंतींवर चार आणि दारावर एक अशी घोंगडी टांगली. घोंगडे वरचे आणि मधले स्वर छान शोषते. खालच्या स्वरांना ते अडवत नाही, पण व्हायोलिनची सर्वांत खालची तारच १९६ हर्ट्झची असल्याने ती चिंता नव्हती. ओल्या लोकरीचा वास दिवसभर खोलीत होता. माइक वाद्याच्या वर साधारण सव्वा मीटरवर. त्याहून जवळ आणला तर गजाची खरखर पुढे येते आणि मग कोणताही रिव्हर्ब त्या वादकाला मंचावर मागे नेऊ शकत नाही.

कोरड्या खोलीत वाजवणे वादकाला जड जाते, कारण आस लगेच तुटते आणि हात नकळत स्वर लांबवू लागतो. म्हणून त्याच्या हेडफोनमध्ये आमचे सभागृह सोडले, मुद्रण मात्र कोरडेच घेतले. पहिल्याच वेळी तो मध्येच थांबला आणि म्हणाला, “अण्णा, आता गज आपोआप हलका पडायलाय.” चार तासांत सगळे झाले. त्या मुद्रणावर मंडपाच्या ठशाचे फक्त पहिले ६० मिलिसेकंद वापरले आणि पुढचे शेपूट समाईक सभागृहाचे. आक्कांनी सांगितलेली ऊब आली.

२८ जुलै

मिश्रणे पूर्ण करून नऊ दिवस कानाआड ठेवली होती; आजपासून मास्टरिंग. खरे तर हे काम दुसऱ्या कानाने करावे. तेवढा निधी आमच्याकडे नाही, म्हणून निदान विसरण्याइतका अवकाश घेतला.

एक रचना अडली. धारवाडच्या सरांची लायब्ररी फक्त दालनाच्या माइकांची असल्याने कोरडे स्टेम मिळालेच नाहीत. तिला समाईक सभागृह अगदी थोडे, तेही फक्त शेपटापुरते दिले आणि तिच्या स्वतःच्या घुमाऱ्यातला ३०० हर्ट्झच्या आसपासचा फुगवटा दीड डेसिबलने उतरवला. शेजारच्या रचनांशी आता ती भांडत नाही.

बाकी साखळी साधी आहे. एक सौम्य इक्वलायझर, आणि लिमिटर फक्त तीन रचनांवर, तोही दोन डेसिबलपेक्षा जास्त न दाबणारा. लिमिटर शिखरे दाबतो, आपण ती जागा भरून काढायला सगळेच वर उचलतो, आणि त्याबरोबर घुमाऱ्याचे शेपूटही वर येते. म्हणजे ११ जुलैला रात्री जागून ठरवलेले थेट आवाज आणि घुमारा यांचे प्रमाण लिमिटर एका फटक्यात बदलू शकतो. मोठा आवाज हवा म्हणून ते बदलू देणे मला मान्य नाही.

३ ऑगस्ट

अपेक्षेप्रमाणे पातळीचा प्रश्न आला. कोल्हापूरच्या संयोजकाने लिहिले की त्याची युद्धाची रचना इतर अल्बमांच्या तुलनेत बारीक वाटते. त्याचे समाधान करणे आवश्यक होते, आणि त्यानिमित्ताने सर्वांसाठीच लिहिले.

आवाजाची जाणवणारी पातळी लफ्स या एककात मोजतात. तिची मोजणी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली प्रमाणित केली. अगदी शांत भाग पुढे त्या सरासरीतून वगळले जाऊ लागले. स्पॉटिफाय आणि यूट्यूब साधारण उणे १४ लफ्स ही पातळी धरतात, ॲपल म्युझिक उणे १६. उणे ९ वर दाबून भरलेली रचना पहिल्या दोन ठिकाणी ५ डेसिबलने खाली आणली जाते. दाबताना गमावलेले ठोके मात्र परत मिळत नाहीत. आमची युद्धाची रचना उणे १५.५ वर आहे आणि अंगाई उणे २३ वर. अल्बम सलग वाजवला, तर स्पॉटिफाय सर्व रचनांना एकच दुरुस्ती लावते, त्यामुळे अंगाई युद्धापेक्षा हळूच राहते. अंगाई युद्धाइतक्या आवाजात कोणी गात नाही.

शब्दांनी पटेल असे वाटले नाही, म्हणून त्याच रचनेच्या दोन फाइल पाठवल्या: एक उणे ९ वर दाबून मग ६.५ डेसिबलने उतरवलेली, दुसरी आमची. दोन्हींची मोजलेली पातळी सारखीच. तालाच्या अडतिसाव्या मापात टिंपनी येते तिथे लक्ष द्यायला सांगितले. संध्याकाळी त्याचा फोन आला. पहिलीत टिंपनी वाद्यवृंदाच्या मागे पुठ्ठ्यासारखी वाजते आणि दुसरीत छातीवर येते, हे त्याने स्वतःच सांगितले. तरीही दोन दिवस स्वतःच्या गाडीत ऐकून मग होकार देईन असे तो म्हणाला, ते योग्यच आहे.

९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. राखीला आलेली धाकटी बहीण जेवणानंतर सहज माझे हेडफोन लावून शेवटची रचना ऐकत बसली. ती संपल्यावर म्हणाली, “छान आहे, पण आवाज संपताना वाळू सांडल्यागत होतंय की.” मी ती जागा या आठवड्यात वीसेक वेळा ऐकली असेल. आवाज वाढवून पुन्हा ऐकले. व्हायोलिनचा शेवटचा स्वर विझताना अखेरच्या सेकंदात खरेच बारीक खरखर होती.

सीडीसाठी २४ बिटांवरून १६ बिटांवर आणताना डिदर लावायचा राहिला होता. १६ बिटांत साधारण ९६ डेसिबलची उंची मिळते. शेपूट तिच्या तळाशी पोहोचले की उरलेल्या दोन-तीन पायऱ्यांवरून स्वर उतरत नाही, अडखळतो, आणि ते अडखळणे सुराला चिकटलेली खरखर म्हणून ऐकू येते. डिदर म्हणजे अतिशय सूक्ष्म, समान पसरलेला फुसफुसाट आधीच मिसळणे. मग स्वर त्या फुसफुसाटात सलग विरघळतो. त्रिकोणी वितरणाचा डिदर लावून अकराही फाइल पुन्हा काढल्या. मध्ये दोनदा वीज गेली, दुसऱ्यांदा इन्व्हर्टरनेही मान टाकली आणि आठव्या रचनेपासून परत सुरुवात करावी लागली. बहिणीला पुन्हा ऐकवले. वाळू गेली.

१४ ऑगस्ट

आज अल्बम तीन ठिकाणी ऐकून पाहिला: मोबाइल, गाडी, आणि खडेबाजारातल्या मित्राच्या दुकानातला एकच स्पीकर असलेला ब्लूटूथ डबा. डब्यावर दोन्ही बाजू एकत्र होतात, आणि फार रुंद पसरलेला घुमारा तेव्हा स्वतःलाच खोडतो. गुहेची रचना तिथे अचानक कोरडी झाली. समाईक सभागृहाची रुंदी तिच्यापुरती पाचव्या हिश्श्याने कमी केली. हेडफोनवर फरक जेमतेम कळतो, डब्यावर गुहा परत आली. बाकीच्या दहा ठीक.

गणेशोत्सव २७ तारखेला आहे. ढोलपथकाचा सराव संध्याकाळी चौकात सुरू झाला असल्याने आता माग थांबले तरी साडेदहाआधी ऐकणे शक्य नाही.

१८ ऑगस्ट

रचनांमधले अंतर आज निश्चित केले. सगळीकडे सरसकट दोन सेकंद ठेवणे आमच्या सभागृहाला चालत नाही, कारण घुमाराच २.१ सेकंदांचा आहे आणि शेपूट फाइलीत संपले तरी कानात थोडे राहते. गुहेनंतर गावाची सुरावट येते तिथे साडेचार सेकंद दिले. युद्धानंतरच्या अंगाईला सहा. शिकारीतून युद्धात मात्र शेपटावरच पुढचा ठोका पडतो, कारण तिथे श्वास घ्यायला वेळ मिळू नये अशी संयोजकाची इच्छा होती. शिखर सर्वत्र उणे १ डेसिबलच्या खाली आहे, म्हणजे ऑनलाइन सेवांसाठी फाइल लहान करताना ते फुगून फाटणार नाही.

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेल्या) फाइल आणि सीडीसाठीचा १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचा संच असे दोन संच तयार केले. या वेळी प्रत्येक फाइलीची लांबी मिश्रणाशी ताडून पाहिली. हक्क आणि परवान्यांचे काम पाहणाऱ्या पुण्याच्या सहकाऱ्याकडे रात्री साडेदहाला दोन्ही रवाना केले. कोल्हापूरचा होकार त्याआधी तासभर आला होता. टिंपनी आहे तशीच राहू दे, एवढेच त्याने लिहिले आहे.